दातातला पदर

पुष्पांजलीच्या लेखी सासरा म्हणजे एक खाकरणं. बकाराम मामाजी अंगणात पाय टाकायच्या आधी घसा खाकरायचे, की आत ही बाई हातातलं काम टाकून पदर डोक्यावर घ्यायची. गावतलावाचं पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं, हे ठरवणारा माणूस तो. पण अठरा वर्षांत सुनेशी अठरा शब्द बोलला असेल तर शपथ!

२००९ च्या दिवाळीनंतर त्याच माणसाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सासू आधीच वारलेली. नवरा योगराज सकाळच्या बसनं अर्जुनीला कामावर जायचा, तो दिवेलागणीला परत. मग दिवसा मामाजींना पलंगावरून खुर्चीत बसवायचं कोणी? पुष्पांजलीनंच. पण सासऱ्याच्या कमरेला हात घालावा कसा, बाई? तिनं नुसता त्यांचा लुळा हात धरून ओढला आणि म्हातारा धपकन खाली आला.

हाड वाचलं. पण डॉक्टरनं बजावलं, "पुन्हा पडले तर उठायचे नाहीत." आणि शेजारच्या शकुंतलाबाईनं घरोघरी सांगितलं, "सुनेनं पाडलं म्हाताऱ्याले." झालं! तेव्हापासून पुष्पांजली दाराबाहेर पडेना.

योगराजनं बापाला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, पुष्पांजलीलाही सोबत घेतलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या दीप्ती मॅडमनी एक रुंद पट्टा दिला, बक्कल असलेला. "हा कमरेला बांधायचा, कपड्याच्या वरून. दोन बोटं जातील इतकाच ढिला. खुर्ची त्यांच्या डाव्या, चांगल्या बाजूला. तुमचा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवून. पकड पट्ट्याला, हात बिलकुल ओढायचा नाही. आणि जोर से मोजायचं, एक, दोन, तीन. तीनला दोघांनी मिळून उठायचं."

पुष्पांजलीला हायसं वाटलं. अंगाला नाही, पट्ट्याला हात!

दुसऱ्या दिवशी योगराजची बस गेली आणि पुष्पांजली मामाजींच्या पलंगापाशी आली. पट्टा बांधला, गुडघा टेकवला, दोन्ही हातांनी पट्टा धरला. तेवढ्यात पदर घसरू लागला. हात मोकळा कुठला? तिनं पदर दातात धरला. आता घ्या! दातात पदर धरून बाई मोजणार कशी? तोंडातून नुसतं "ऊं, ऊं" निघालं. तिसऱ्या "ऊं"ला तिनं उचललं, मामाजींना पत्ताच नाही. लुळा गुडघा मुडपला, सगळा भार तिच्या हातांवर आला. तिनं जीव खाऊन पट्टा आवळून धरला आणि कसंबसं त्यांना पलंगावरच टेकवलं.

"नाही जमत जी मले, मामाजी!" ती रडतच बोलली, आणि बोलताना पदर दातातून सुटून खांद्यावर आला.

उघडं डोकं! ती जागच्या जागी थिजली. मामाजींनी मान भिंतीकडे वळवली. रागावले, आता सगळं संपलं, असंच तिला वाटलं. मग ते खाकरले. सवयीनं तिचा हात पदराकडे गेला, तशी त्यांनी भिंतीकडे बघतच मान हलवली. नको. आणि डाव्या हातानं आपल्या कमरेचा पट्टा थोपटला.

पुष्पांजलीनं पदर कमरेला खोचला. पुन्हा गुडघा टेकवला, पुन्हा पट्टा धरला.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली. "दोन..."

तीन म्हणायला तिचा आवाजच फुटेना. तेव्हा मामाजीच खाकरले. त्या खाकरण्यासरशी दोघं मिळून उठले, डावीकडे वळले, आणि म्हातारा अलगद खुर्चीत बसला.

तेवढ्यात शकुंतलाबाई दारात हजर. "अवं, सासऱ्यापुढं बोडकी? पदर कुठं हाय तुहा?"

"कमरेले हाय," पुष्पांजली म्हणाली. "कायले, ते मामाजीले विचार."

खुर्चीतून असं काही जोरदार खाकरणं आलं, की शकुंतलाबाईनं झटक्यात स्वतःच्याच डोक्यावर पदर ओढला.