दोन नंबरचा गडी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी बडोद्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला सायन्स शिकवायचे. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच हाकलून पुढे जायचे. लोक लिहितात ना – पांढरी साडी, पैंजणांचा आवाज – ते वाचून मी आजवर हसतच आले. माझ्या अनुभवात साडी नाही, पैंजण नाहीत, अमावस्याही नाही. आहे तो टीव्हीवरचा एक व्हिडिओ गेम, आणि तोही भर दुपारचा. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा.

१९९६ चा मे महिना. फतेगंजला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात माणसं चार – मी, नवरा अविनाश, दहा वर्षांची मुलगी केतकी आणि माझे सासरे, नाना. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. अविनाश छाणीकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. नाना रिटायर्ड, पण त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत स्वार होते, त्यामुळे मनाने ते अजून घोड्यावरच असायचे.

रविवारी जेवणं झाली की कापडी पट अंथरून सोंगट्या खेळायच्या, ही आमच्या घरची रीत. आणि तिचा एक नियम पागेपासून चालत आलेला. डाव अर्धा असताना एखाद्या स्वाराला कामगिरीवर जावं लागलं, तर डाव मोडायचा नाही. त्याच्या सोंगट्या उचलायच्या नाहीत. त्याच्या जागी 'बदली' बसवायचा आणि बदलीने त्याचा डाव शेवटपर्यंत खेळायचा. मला आठवतंय, भर डावात माझ्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा नाना आधी "बदली कोण?" म्हणाले आणि मग रिक्षा आणायला धावले. केतकी जन्मली त्या संध्याकाळी माझ्या हिरव्या सोंगट्या शेजारच्या हंसाबेनने जिंकून दिल्या होत्या.

त्या वर्षी मार्चमध्ये अविनाशने केतकीला व्हिडिओ गेम आणून दिला. टीव्हीला जोडायचा पिवळा डबा, दोन रिमोट, एक कॅसेट. दोन शिपाई धावत सुटतात, समोर येईल त्याला गोळ्या घालतात – निळ्या पँटचा एक नंबर, लाल पँटचा दोन नंबर. मी एकदाच खेळले. पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडले आणि भाजी निवडायला गेले. नानांनी पहिले चार दिवस "काय हा थिल्लरपणा!" म्हणून नाक मुरडलं. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर नाना मांडी घालून टीव्हीसमोर, हातात रिमोट, आणि केतकीला सांगतायत, "माझा गडी लाल."

नानांच्या खेळाला काय म्हणावं... नवीन स्टेज सुरू झाली की त्यांचा गडी आधी दोन पावलं मागे जायचा. "माघारीची वाट बघून ठेवावी, मग पुढे जावं." दुसरं म्हणजे पाठमोऱ्या शत्रूवर ते गोळी झाडायचे नाहीत. तो वळेपर्यंत थांबायचे. तो वळायचा आणि नानांना गोळी घालायचा.

"नाना, मारा ना!" केतकी किंचाळायची.

"पाठीवर? आमच्या घराण्यात कोणी मारली नाही."

म्हणून दोघांचा गेम कधीच तिसऱ्या स्टेजच्या पुलापुढे गेला नाही.

एका दुपारी चारच्या सुमारास, पुलावरच असताना, नाना म्हणाले, "केतू, जरा पॉज लाव. पडतो थोडा." खोलीत जाऊन आडवे झाले. मी चहा घेऊन गेले तर अंग घामाने भिजलेलं. हॉस्पिटलला नेलं, आणि दिवेलागणीच्या आत नाना गेले. पुढचं सगळं तुम्ही प्रत्येकाने कधी ना कधी बघितलंय, ते लिहीत नाही.

घरी परत आलो तर टीव्ही चालूच होता. पुलावर दोन शिपाई थिजून उभे, आणि समोर केतकी. मी बंद करायला हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"डाव मोडायचा नाही."

एवढंच बोलली. त्यानंतर पोरगी बोलेना, रडेना. आंब्याच्या दिवसांत आंब्याला हात लावेना. दोन घास कसेबसे गिळायची आणि पुन्हा टीव्हीसमोर. मला नाना गेल्याचं दुःख करायला सवड नव्हती, माझा जीव हिच्यात अडकलेला. अविनाश म्हणाला, राहू दे चालू. आणि राहिला.

आता डोळ्यांसमोर आणा. सुतकाचं घर. लोक भेटायला येतायत. जमिनीवर सतरंजी, भिंतीशी नानांचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या शेजारी टीव्हीवर बंदूक रोखून उभे दोन उघडे गडी. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन आणि घरातला एकुलता एक टेबल फॅन गेमचा ॲडॅप्टर तापू नये म्हणून त्याच्याकडे तोंड करून. पाहुणे पदराने वारा घेतायत. हंसाबेन रोज यायची. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. हळूच मला विचारलं, "बेन, आ बे जणा क्यारना ऊभा छे... थाकता नथी?" – हे दोघे कधीचे उभेत, थकत नाहीत का? मला त्या सुतकात इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबून आत पळावं लागलं. बाहेर सगळ्यांना वाटलं मला हुंदका फुटला.

नवव्या दिवशी दुपारी लाइट गेली. पंखा, फ्रिज, सगळं बंद. चाळीस मिनिटं. मी मनात म्हटलं, सुटलो – आता हा गेम पहिल्यापासून सुरू होणार, कोणावर दोष नको. केतकी पांढरीफटक. लाइट आली, टीव्ही लागला... पुलावर तेच दोघे, जागच्या जागी.

"ॲडॅप्टरमध्ये कपॅसिटर असतो," अविनाश म्हणाला. "त्यात करंट साठतो."

"चाळीस मिनिटं?"

"मोठा असेल."

मी सायन्सची बाई. मला हे पटायला नको होतं. पण तेव्हा पटवून घेतलं, कारण दुसरं काही मनात येऊ द्यायचं नव्हतं.

तेराव्याला गोडजेवण झालं. पाहुणे गेले. केतकीने श्रीखंडाची वाटी तशीच सरकवून दिली, तेव्हा अविनाशचा धीर सुटला. "बास आता! आज हे बंद करतोय मी." केतकी टीव्हीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. बापलेक एकमेकांकडे बघतायत... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मोडायचा नाही ना डाव? मग बदली बसवू."

केतकीने विचारलं, "कोण?"

"मी."

तेरा दिवसांत पोरीचं पहिलं सरळ वाक्य – "आई, तुला येत नाही."

तरी तिने मला जागा करून दिली. नानांचा रिमोट शोकेसच्या कडीला लटकत होता, तो मी घेतला. दुपारचे साडेतीन वाजले असतील. अविनाश दाराशी उभा. केतकीने तिच्या रिमोटवरून पॉज काढला.

मी सगळी बटणं एकदम दाबली. खरंच सांगते, कुठलं कशाचं, मला पत्ता नव्हता. लाल गडी आता पडेल, मग पडेल, असं म्हणत डोळे बारीक करून बसले होते. तो पडला नाही. तो दोन पावलं मागे गेला.

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

मग तो पुढे निघाला. मी उडीचं बटण दाबून धरलेलं, तर हा चालतोय. मी घाबरून अंगठा काढला, तर हा उडी मारतोय. समोर एक शत्रू पाठमोरा. गडी थांबला. केतकी पुटपुटली, "मारत नाहीये... वळायची वाट बघतोय." शत्रू वळला, आणि या वेळी लाल गड्याने आधी गोळी झाडली. रिमोट टाकून द्यावासा वाटला, पण बदलीने उठायचं नसतं.

पूल संपता संपता दोन्ही बाजूंनी शत्रू आले. लाल गडी आडवा झाला आणि मागच्यांना अडवून धरत राहिला. केतकीचा निळा पलीकडे पोचला, आणि त्याच क्षणी लाल गड्याला गोळी लागली. त्याची शेवटचीच लाइफ होती. त्याच्या बाजूला दोन नंबरसाठी 'गेम ओव्हर' अशी अक्षरं आली. निळा एकटाच उभा.

केतकीने रिमोट ठेवला आणि असा हंबरडा फोडला की हंसाबेन पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. माझ्या मांडीत तोंड खुपसून पोरगी बोलली, "आई, त्यांनी आधीच सांगितलं होतं... छातीत दुखतंय म्हणून. मीच म्हटलं, नाना, पूल होऊ दे ना. ते अजून खेळले माझ्यासाठी. मी थांबवलं त्यांना!"

तेरा दिवस हे एवढं ओझं घेऊन बसली होती माझी लेक. मी तिला पोटाशी धरून सांगितलं की राणी, दोन मिनिटं जास्त खेळल्याने माणूस जात नाही. त्यांचं हृदय कधीपासूनच थकलेलं होतं, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय. ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "पूल झाला पण," आणि श्रीखंड मागितलं. तीन वाट्या खाल्लं. हंसाबेन तिच्याकडे बघून रडत होती, आणि तिलाही मी एक वाटी दिली.

संध्याकाळी अविनाश वायरी गुंडाळायला बसला. एकदम थांबला.

"तू कुठल्या रिमोटने खेळलीस?"

"नानांच्या. का?"

त्याने नानांच्या रिमोटच्या वायरचं टोक उचलून दाखवलं. वायरीची गुंडाळी, तिला रबर बँड. "लोकांचे पाय अडकत होते म्हणून दुसऱ्याच दिवशी मी पिन काढून ठेवली होती. केतकीचाच फक्त लागलेला आहे."

डब्याचं दोन नंबरचं भोक मोकळं होतं. या वेळी अविनाशकडेही कपॅसिटर नव्हता.

पुढे मी जमेल तिथे विचारलं. फतेगंजच्या एका रिपेरिंगवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेन, पिन वगर तो कंई न चाले." म्हणजे पिनेशिवाय काहीच चालणार नाही. शाळेतले फिजिक्सचे सर म्हणाले, मॅडम, शॉक बसलेला असतो, माणसाला भास होतात. असतील. पण तिघांना एकच भास, एकाच वेळी, आणि तोही दोन पावलं मागे जाणारा?

म्हणून जूनमध्ये मी रीतसर प्रयोग केला. माझी शाळा सकाळची, केतकीची दुपारची. घरात कोणी नसताना तोच गेम लावायचा, दोन नंबरची पिन काढून ठेवायची, रिमोट हातात धरायचा आणि लाल गड्याकडे बघत बसायचं. सात दुपारी बसले. वहीत तारीख, वेळ, निरीक्षण. सातही दिवस गडी जागचा हलला नाही. शत्रू यायचे, उभ्या उभ्या त्याला मारून जायचे.

सायन्सच्या हिशेबाने निकाल अगदी बरोबर आला. पिन नाही तर हालचाल नाही. मी तसं वहीत लिहिलं, आणि मग कळलं की मी निकालासाठी बसलेच नव्हते. रोज दुपारी नानांची वाट बघत होते. त्या दिवशी रिमोट मांडीवर ठेवून, एकटीच, मी नानांसाठी पहिल्यांदा रडले.