आम्हीच मागितलेले सदरे

खोपोलीच्या त्या कारखान्यात कंत्राटी कामगारांना नवे गणवेश मिळाले, ते आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची चूकही आमचीच आहे. कायम कामगाराला गणवेश आणि कंत्राटी माणसाने घरचा विटका शर्ट घालून यायचं, हा सरळसरळ अपमान होता. 'काम सारखं, तर कपडा सारखा' ही ओळ माझी. कापडही आम्हीच सुचवलं: पॉलिस्टर मिसळलेलं टेरिकॉट. इस्त्री लागत नाही, आणि घाटाखालच्या पावसाळ्यातही झटकन वाळतं.

माझे बाबा तिथेच कंत्राटी इलेक्ट्रिशियन. वाटप झाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे निळ्या सदऱ्यांत गेटबाहेर आले आणि बाबा मात्र जुन्या सुती शर्टात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी पोचताच मी सुरू झाले. "बाबा, मालकाची माणसंसुद्धा आमचा असा पाणउतारा करत नाहीत!"

"झालं भाषण? मंग इकडं ये."

त्यांनी नव्या सदऱ्याच्या शिवणीतून दोरा ओढला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. दोरा आक्रसला, त्याचा काळा थेंब झाला आणि ओट्यावर पडून चिकटला. आई उलथनं घेऊन धावली. खरवडला तरी निघेना.

"ओटा हाय म्हणून बरं," बाबा म्हणाले. "वीज चालू असलेल्या पॅनलमधी पाना सटकला, दोन फेज भिडले, की हवेतूनच आगीचा लोळ येतो. त्याला आर्क फ्लॅश म्हणतात. हात लावायची पण गरज नाय. तवा हे असं कातडीला चिकटंल."

"मग सुती घाला म्हणून सांगू सगळ्यांना?"

"सुती पण जळतंच गं. फक्त वितळून अंगात बसत नाय. खरं औषध एकच, आधी सप्लाय बंद, मंग पॅनल. पण शटडाउन मागितला की सायब म्हणतो, उत्पादन थांबंल, चालूवरच कर. आन आमी बी येडे! चालूवर करंल तो खरा वायरमन, म्हणून मिशीला पीळ देतो."

मी इतकी पत्रकं लिहिली, त्यातलं एकही यावर नव्हतं. माझ्याच घरात रोज जेवणारा माणूस रोज त्या पॅनलसमोर उभा राहत होता आणि मी कापडाच्या रंगावरून भांडत होते.

बैठकीत सगळं मांडलं, तर आमचेच लोक बिथरले. "ताई, परवा पेढे वाटले, आज चुकलो म्हणायचं? मालक हसंल."

"हसू दे. भाजलेल्या माणसापेक्षा हसणारा मालक परवडला."

नव्या पत्रकाची पहिली ओळ होती, 'आम्ही चुकलो.' खाली दोन मागण्या. पॅनलवर काम करणाऱ्याला फ्लॅश सोसणारा खास पोशाख द्या. आणि सप्लाय बंद केल्याशिवाय पॅनल उघडायला सांगू नका. सकाळच्या पाळीला मी गेटवर ते वाटत होते, तर एक फिटर ओरडला, "काय गं, सदरा बी काढून घेते? उघड्यानं काम करू का?"

सगळे खो खो हसले. "उघड्यानं नको दादा," मी म्हटलं, "सप्लाय बंद करून करा." मग त्यानेच चार पत्रकं मागून घेतली.

खास पोशाखासाठी अजून भांडतोच आहोत. पण त्याच आठवड्यात आतला मुख्य पॅनल बिघडला. मी गेटसमोरच्या टपरीवर होते. पाळी संपवून आलेल्या एकाने सांगितलं, "तुझा बाप हाताची घडी घालून उभा हाय. सायब चालूवर उघड म्हणतोय, हा नाय म्हणतोय. बाकीचे इलेक्ट्रिशियन बी त्याच्याच मागं उभे."

बाबांचं कंत्राट एका सहीवर तुटलं असतं.

टपरीवर कारखान्याच्या घरघरीमुळे नेहमी ओरडूनच बोलावं लागतं. अर्ध्या तासाने ती घरघर अचानक थांबली. गॅसचा फुरफुर आवाज ऐकू येऊ लागला. आता आत सप्लाय तोडणाऱ्या ब्रेकरला कुलूप, किल्ली बाबांच्या खिशात, टेस्टरने वीज नसल्याची खात्री, आणि मगच पॅनलचं दार.

टपरीवाले काका भांडं हातात घेऊन बघत राहिले. "बंद पडली काय गं मशीन?"

"पडली नाही काका," मी म्हटलं. "माझ्या बाबांनी बंद करायला लावली."