खांद्याच्या वर नको

मासिकवाल्यांनी छापलंय की डग्लस व्हेन लहानपणी स्वतःच्या तट्टावर बसून शाळेत जायचा आणि त्याचे वडील डॉक्टर होते. स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यात एक बाई आहे, ती हे लिहिते. थापा मारण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. मी वाहान, न्हावी आहे. तीस वर्षं हॉलिवूडमध्ये दुकान चालवतोय, आणि माणसाचं डोकं हातात आलं की ते फार वेळ खोटं बोलत नाही, एवढं मला कळतं. त्याचं खरं नाव वेंडेल स्टब्स. तट्टू सोडा, पायात बूट पडले तेच बाराव्या वर्षी.

तो पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा बोलपट नवे होते आणि आमच्या कोपऱ्यावर दाढीवाल्यांचा अड्डा होता. समोरच्या खाणावळीत सकाळी सातला पंधरा-वीस दाढ्या कॉफी पीत बसायच्या. स्टुडिओची गाडी थांबायची, आतला माणूस म्हणायचा, "सोनं शोधणारे सहा," की सहा दाढ्या उठायच्या. कधी रशियन शेतकरी लागायचे, कधी बायबलातले मेंढपाळ. खऱ्या दाढीला रोजी जास्त, कारण चिकटवलेली दाढी उन्हात सुटते. गुळगुळीत तोंडाची देखणी पोरं या गावात ढिगानं होती आणि त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. दाढीवाला मात्र उपाशी राहत नसे.

या टोळीचा म्होरक्या इनॉक, सत्तरीचा, बेंबीपर्यंत दाढी. सगळ्यांत लहान वेंडेल, तेविशीचा. दाढी छातीवर आणि केस त्याहून लांब. दर महिन्याला यायचा, आरशाकडे न बघता खुर्चीत बसायचा आणि तेच ते म्हणायचा, "टोकं सारखी करा, वाहान. पण खांद्याच्या वर नको."

"रोजी तुला दाढीची मिळते," मी म्हणायचो. "मानेवर हे जंगल कशाला पोसतोस?"

तो नुसता हसायचा.

मग एकदा एका बायबलपटाच्या जेवणाच्या सुटीत हा गडी खोक्यावर चढला. हातात रश्शाची वाटी, अंगात मेंढपाळाचा झगा. म्हणाला, "या मायबाप, या. रात्री टकलावर चोळा, सकाळी कंगवा शोधा. उशीवर मात्र सांडू नका, उशीला केस फुटतात आणि बायको घटस्फोट मागते." दीडशे मेंढपाळ हसून लोळले. मागून दिग्दर्शक चालला होता, तो थांबला. त्याला पुढच्या चित्रासाठी एक गोडबोल्या ठग हवा होता.

"आवाज झकास आहे," तो वेंडेलला म्हणाला. "चेहरा कुठे ठेवलायस? शुक्रवारी अकराला चाचणीला ये. हे सगळं भादरून."

शुक्रवारी मी दुकान उघडतोय तर वेंडेल पायरीवर, आणि त्याला शहाणपण शिकवायला इनॉक बरोबर.

"आज नापास झालास तर उद्या तू कोण?" इनॉक म्हणत होता. "एवढी दाढी यायला वर्ष लागेल. वर्षभर काय वाहानचा साबण खाणार?"

"साबण महाग आहे," मी म्हणालो. "मी देणार नाही."

"तू गप रे. तुझं काय जातंय, तुला भादरायचं निमित्तच हवं."

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. इनॉक दाढी सावरत पळाला. वेंडेल खुर्चीत बसला, मी कापड बांधलं, कात्री उचलली, तर हा उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. माझं डोकं फिरलं.

"केस कापतोय रे मी, मान नाही. एवढी भीती वाटते तर जा, गाडी अजून वळली नसेल."

"रोजीची भीती नाही, वाहान," तो म्हणाला. मग कापडाचं टोक चिमटीत धरून बसला आणि सांगायला लागला.

"आई टायफॉइडनं गेली. बाप घोडागाडीतून कॅन्ससभर केस वाढवायचं तेल विकायचा. एरंडेल आणि व्हिस्की, दुसरं काही नाही. जाहिरात म्हणजे मी. पाच वर्षांचा, खांद्यापर्यंत कुरळे केस. मला टपावर उभा करायचा आणि सांगायचा, या पोराला जन्मतः टक्कल होतं."

"सगळ्याच पोरांना असतं," मी म्हणालो.

"तेच तर. कधी कोणाच्या लक्षात आलं नाही." तो हसला. "पुढे मला उवा झाल्या. एका गावात एका बाईनं चढून सगळ्यांना दाखवल्या. धंदा बसला. बापानं माझं डोकं भादरलं आणि अनाथाश्रमाच्या फाटकाशी नेऊन सोडलं. म्हणाला, केस पुन्हा खांद्यापर्यंत आले की न्यायला येतो."

मी कात्री खाली ठेवली.

"आणि आश्रमात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांची डोकी भादरायचे. मी कोळशाच्या खोलीत लपायचो. शोधून काढायचे, मारायचे, भादरायचे. सहा वर्षं. केस वाढलेच नाहीत तर तो येणार कसा, मला एवढंच कळायचं. बाराव्या वर्षी एका शेतावर कामाला दिलं, तिथे कातरणारं कोणी नव्हतं. चौदाव्या वर्षी केस खांद्याला लागले तसा चाळीस मैल चालत त्या फाटकाशी जाऊन बसलो. दोन दिवस. तोवर समजत होतं हो मला, तो येणार नाही ते. तरी बसलो. गाढव."

मी पाठ करून वस्तऱ्याला धार लावत राहिलो. रडत्या न्हाव्याच्या हातात कोणी गळा देत नाही.

"साडेनऊ झाले," मी म्हणालो.

"कापले, आणि नेमका तो आला तर?"

त्याच्या या बोलण्यावर हसणं मला शक्य नव्हतं. मी जरा विचार केला आणि जे खरं होतं तेच सांगितलं. "हे बघ, केसांचं तेल विकणारा माणूस नव्या गावात आला की आधी न्हाव्याच्या दुकानात शिरतो. माझ्याकडे आठवड्याला दोन तरी येतात. त्यातल्या प्रत्येकाला मी विचारीन. तुझा बाप आला की तुझा पत्ता माझ्याकडे आहे. आता वाट बघायचं काम माझं."

त्यानं चिमटीतलं कापडाचं टोक सोडलं. मग म्हणाला, "कापा."

तासभर लागला. आधी केस गेले, मग कात्रीनं दाढी, मग गरम टॉवेल, साबण, वस्तरा. हनुवटीवर खळी निघाली. ओठ एका बाजूला किंचित वर गेलेला, कसलीतरी गंमत माहीत असल्यासारखा. मी टॉवेलनं तोंड पुसलं आणि खुर्ची आरशाकडे फिरवली.

तो बघतच राहिला. हनुवटीवरून बोट फिरवलं. मान वळवून एक बाजू पाहिली, मग दुसरी.

"आलास तर," तो आरशाला म्हणाला. "उशीर केलास."

मग डोळे पुसून उठला. "आज बापालाच पाठवतो स्टुडिओत. एवढ्या लांब आलाच आहे तर कामाला लागू दे."

दिग्दर्शकाला चांगलं वाटोळं टक्कल होतं. वेंडेलनं हातातला संवादाचा कागद बाजूला ठेवला आणि त्यालाच तेल विकलं. दोन बाटल्या घेतल्या म्हणे त्यानं, एक भावासाठी. पाच चित्रांचा करार झाला, नाव बदललं, तट्टू आलं, डॉक्टर आले. इनॉक मरेपर्यंत सांगत होता, "हा आमच्या दाढीतून निघालाय."

मी शब्द पाळला. सतरा वर्षं तेलाची पेटी घेऊन जो कोणी दारात आला त्याला आधी विचारलं, "तुम्हाला वेंडेल नावाचा मुलगा आहे का?" बहुतेकांना मी खुळा वाटलो असेन. हो कोणीच म्हणालं नाही.

स्टुडिओत तीन न्हावी पगारावर आहेत, तरी तो दर शनिवारी सकाळी माझ्याकडेच येतो. आता आरशात बघत बसतो. गेल्या शनिवारी कानशिलांवर पांढरं दिसलं. स्टुडिओची चिठ्ठी होती, कलप लावा. मी वाटीत कालवला, ब्रश बुडवला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या, वाहान," तो म्हणाला. "त्याला म्हातारा झालेला मी कधी पाहिलाच नाही."

मी वाटी मोरीत ओतली आणि टोकं सारखी केली.