मशीनच्या मागचा हिरवा दिवा

माझी शेवटची फॉरवर्ड पोस्टिंग तेरा हजार फुटांवर होती. मी तेव्हा सिग्नलचा हवालदार. पोस्टवर आम्ही अकरा जण, त्यांत सिग्नलचे दोघे: मी आणि नाईक मिलिंद जाधव. तो परळच्या चाळीतला, मी लालबागचा. घरं पायी दहा मिनिटांवर, पण आमची पहिली भेट झाली ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्फात. हाताखाली आपल्याच भागातला पोरगा मिळाल्यावर मला झालेला आनंद मी त्याला कधी दाखवला नाही. हवालदाराने असलं काही दाखवायचं नसतं.

तो मला उस्ताद म्हणायचा. सैन्यात शिकवणाऱ्याला तसंच म्हणतात.

"उस्ताद, घरून चिवडा आलाय ना? मग ट्रंकेला कुलूप का?"

"परळवाले शेजारी असले की लावावं लागतं."

दिवसाचं काम ठरलेलं. ०६०० चहा. ०६३० रेडिओ चेक. १००० वाजता कॉम्प्युटरवरून दिवसाचा रिपोर्ट खाली बटालियनला. त्यासाठी आमच्या बंकरपासून उतारावरच्या, संदेश पुढे खाली पाठवणाऱ्या रिले हटपर्यंत नेटवर्कची वायर टाकली होती. साधी वायर, कुठल्याही ऑफिसात असते तशी. लांबी ऐंशी मीटर. उताराच्या वरच्या बाजूने बांधलेल्या दोराला ती जागोजागी बांधली होती. बर्फाने ती वरचेवर तुटायची, म्हणून आमचा नियम सोपा होता. संपर्क गेला की आधी लाईन बघायची, मग मशीन. मला माझ्या उस्तादाने तो शिकवला, मी मिलिंदला.

त्या घटनेच्या आदल्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली. आमच्याकडे एक जादा होती. मिलिंदने ती लावली, सीडीवरून विंडोज टाकलं. १७३० ला स्क्रीन झकास उघडली. दोघेही खूश झालो आणि मशीन बंद करून जेवायला गेलो.

इथे सिव्हिलियन वाचकांसाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात नेटवर्कचं एक कार्ड असतं. त्या कार्डाशी कसं बोलायचं हे मशीनला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल तर कार्ड धड, वायर धड, तरी मशीन मुकं. नवा जवान पोस्टवर आला आणि वायरलेस सेट कुठे ठेवलाय तेच त्याला कुणी सांगितलं नाही, असं समजा. आमच्या कार्डाच्या ड्रायव्हरची सीडी वेगळी होती. ती ट्रंकेत तळाला पडली होती. त्याआधी प्रत्येक मशीन वर्कशॉपमधून सगळं भरून यायचं, त्यामुळे ती सीडी आम्हाला कधी लागलीच नव्हती.

सकाळी ०९२५ ला मशीन चालू केलं. खालच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चिन्हावर लाल फुली. वायर निघाली तरी तीच फुली येते आणि ड्रायव्हर नसला तरी तीच.

मी म्हणालो, "लाईन गेली."

मिलिंद स्क्रीनकडे बघत होता. "उस्ताद, आधी मशीन बघू का? काल नवीन डिस्क टाकलीय."

"आधी लाईन. किती वेळा सांगायचं?"

"ठीक आहे उस्ताद."

त्याने बूट आवळले, टेस्टर घेतला, कमरेला दोर बांधला. ०९३४ ला बाहेर पडला. दाराशी थांबून म्हणाला, "चहा ठेवा, आलोच."

०९४० ला आवाज आला. मोठा नव्हता. वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवावं एवढाच. मी बाहेर धावलो. वायरच्या खालची बर्फाची कड सरकली होती आणि मिलिंद दिसत नव्हता. कमरेचा दोर ज्या खुंट्याला होता तो खुंटाच उपटून गेला होता.

मी रेडिओवर गेलो. "मॅन डाउन. मॅन डाउन. पार्टी भेजो."

"रॉजर. कितने?"

"एक."

आम्ही उरलेले सगळे फावडी घेऊन उतरलो. ११५० ला तो सापडला. टेस्टर हातातच होता.

खालून मदतीची पार्टी यायला दुपार झाली. तोवर मी बंकरमध्ये एकटा बसलो होतो. समोर मशीन, त्यावर ती लाल फुली. काहीतरी करायचं म्हणून मी मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. मागे, जिथे वायर आत जाते तिथे, हिरवा दिवा लुकलुकत होता. तो दिवा पेटलेला असेल तर वायर जिवंत असते. दोन्ही टोकं धड, मधे कुठे तूट नाही. बर्फ वायरच्या खालून सरकला होता, वायर वरच्या दोराला तशीच होती. सकाळी मी मान वळवून मशीनच्या मागे बघितलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं.

ट्रंकेतली सीडी काढली. ड्रायव्हर टाकायला चार मिनिटं लागली. लाल फुली गेली. त्या लाईनवरून मी पहिला मेसेज पाठवला तो मिलिंदच्या मृत्यूचा.

आणि रेडिओ सकाळपासून चालू होता. रिपोर्ट तोंडी देता आला असता. तेवढ्यासाठी कोणालाही बाहेर पाठवायची गरज नव्हती.

चौकशी झाली. मला विचारलं, "०९२५ ला कनेक्टिव्हिटी नव्हती?" मी म्हणालो, "नव्हती, सर." खोटं एक अक्षर नाही. हिरव्या दिव्याचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

नायब सुभेदार होऊन मी निवृत्त झालो. आता परळला एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्याच आवारात पूर्वी कापडगिरणी होती, तिथे माझे वडील साचे चालवायचे. मिलिंदच्या चाळीत तळमजल्यावर लोकांनी त्याच्या नावाने अभ्यासिका काढली आहे. दारावर पाटी आहे: "नाईक मिलिंद जाधव. सीमेवर तुटलेली लाईन जोडताना शहीद." त्याच्या स्मृतिदिनाला मी दरवर्षी जातो. जाधवमावशी, म्हणजे मिलिंदची आई, मला वाढतात. नऊ वर्षं मी त्या पाटीखालून वाकून आत गेलो आणि नऊ वर्षं त्यांच्या हातचं जेवलो.

यंदा टॉवरमधल्या एका ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढले. मी शब्द टाकून एक अभ्यासिकेसाठी मिळवला. ऑफिसच्या लोकांनी आतलं सगळं पुसून कोरं विंडोज टाकून दिलं. इंटरनेटची वायर चाळीत आलेलीच होती. रविवारी मावशींच्या हस्ते सुरुवात, असं ठरलं.

शनिवारी दुपारी ड्युटी संपवून मी गेलो. मिलिंदची बहीण सुनंदा मशीनसमोर बसली होती. ती जवळच्या हॉस्पिटलात नर्स आहे. मावशी बाजूच्या खुर्चीत.

"दादा, नेट येतच नाहीये," सुनंदा म्हणाली. "केबलवाल्याला बोलावलंय. तो बोलला, वर वायर तुटली असणार. चढलाय बघायला."

"कुठे चढलाय?"

"पत्र्यावर."

मी बाहेर येऊन वर बघितलं. केबलवाला बाळा, चाळिशीचा माणूस, दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून पत्र्यावर गेला होता. पत्रा जुना, गंजलेला. खांद्यावर वायरचं भेंडोळं.

"बाळा, खाली उतर!"

"अरे साहेब, दोन मिनटं. वायर चेक करतो ना."

"खाली उतर म्हणतो ना! आत्ता! आधी मशीन बघायचंय!"

माझा आवाज सगळ्या चाळीने ऐकला. गॅलरीत माणसं आली. बाळा उतरला आणि पुटपुटला, "काय टेन्शन आहे राव यांना."

आत येऊन मी मशीन पुढे ओढलं. मागे हिरवा दिवा लुकलुकत होता.

"वायर ठीक आहे," मी म्हणालो. "मशीनला ड्रायव्हर नाही."

"मग नेटवरून टाकू ना," सुनंदा म्हणाली.

"नेट यायलाच तो लागतो."

"हे तर भारीच झालं," ती हसली.

माझ्या मोबाईलवर मी कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर शोधून उतरवून घेतला. मोबाईल वायरने मशीनला लावायचा होता. तिथे हात अडला. चोवीस वर्षांच्या नोकरीत मशीनला परका मोबाईल लावणं म्हणजे कोर्ट मार्शलच्या वाटेवर पाऊल. सुनंदाने माझ्या हातातून वायर घेतली आणि लावली.

पहिला ड्रायव्हर बसला नाही. कंपनी बरोबर, कार्ड वेगळं. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. पिवळ्या त्रिकोणावर जाऊन कार्डाचा नेमका नंबर काढला, कागदावर लिहिला, त्या नंबरावरून दुसरा शोधला. तो टाकला. दोन मिनिटांनी खालचं चिन्ह बदललं. नेट आलं. बाळाने टाळी वाजवली आणि गेला.

मावशी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "त्या माणसावर एवढा का ओरडलास रे? तुला असं कधी बघितलं नाही."

मी उभा राहिलो. रिपोर्ट देताना राहतात तसा. आणि सांगितलं. आदल्या दिवसाची डिस्क, लाल फुली, ०९२५, ०९३४, ०९४०. हिरवा दिवा. ट्रंकेतली सीडी. चालू असलेला रेडिओ. दाराशी त्याने ठेवायला सांगितलेला चहासुद्धा. काही गाळलं नाही. शेवटी म्हणालो, "मावशी, लाईन तुटलीच नव्हती. मीच त्याला बाहेर पाठवलं. पाटीवर लिहिलंय ते खरं नाही."

सुनंदा तोंडावर हात धरून रडू लागली. मावशी उठल्या आणि गॅलरीत गेल्या. कठडा धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. किती वेळ ते मी बघितलं नाही. आयुष्यात तेवढी एकच वेळ मी नोंदवलेली नाही.

परत आल्या तेव्हा डोळे लाल होते, आवाज धड होता.

"नऊ वर्षं माझ्या ताटात जेवलास. आणि हे आज सांगतोस?"

"हो."

"मनात आलं तर तुला पुन्हा दारात उभं करणार नाही मी."

"तुमचा हक्क आहे, मावशी."

त्या खुर्चीत बसल्या. मग विचारलं, "त्याने सांगितलं होतं तुला? आधी मशीन बघू म्हणून?"

"हो. 'उस्ताद, आधी मशीन बघू का?' त्याच शब्दांत."

"आणि बरोबर होता?"

"शंभर टक्के. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं त्याला."

"मला सगळे सांगतात, शूर होता, शूर होता," मावशी म्हणाल्या. "हुशार होता हे कोणीच सांगितलं नाही. शाळेत गणितात पहिला यायचा माझा मिलिंद. बारावीनंतर घरासाठी भरती झाला." त्यांनी दाराकडे बोट केलं. "पाटी बदलायची. खोटं नको माझ्या पोराच्या नावावर."

"काय लिहू?"

"तो बोलला ते लिही."

रविवारी सकाळी १००० वाजता मावशींनी बुद्धवंदनेनंतर कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दारावरची जुनी पाटी मी स्वतः स्क्रू काढून उतरवली होती. नवीवर नाव, रँक आणि "कर्तव्यावर असताना मृत्यू" एवढंच आहे. मशीनच्या बाजूला भिंतीवर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर कार्डाचा नंबर, ड्रायव्हर कुठे ठेवलाय ते, आणि वर ठळक अक्षरांत एक ओळ: "आधी मशीन बघू का? — नाईक मिलिंद जाधव, सिग्नल."

मुलं अभ्यासाला येतात, नेट अडलं की ती ओळ वाचतात आणि मशीनच्या मागे डोकावतात. पत्र्यावर कोणी चढत नाही.

मावशींनी मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मी विचारलंही नाही. त्या रविवारी सगळे गेल्यावर मी बूट घालत होतो, तेव्हा आतून मावशींचा आवाज आला.

"उस्ताद, चहा ठेवलाय."