कोपऱ्यावरची शेकोटी कोणी बंद केली

मला माकडटोपी टोचते. हे मी गेल्या हिवाळ्यात सांगितलं, यंदाही सांगतो आहे, पण घरात कोणाच्या कानात शिरत नाही. सकाळी डोळा उघडला की सूनबाई ती तपकिरी टोपी घेऊन उभीच. "बाबा, टोपी घाला. गारठा शे." सतरा वर्षं मी सातपुड्याच्या डोंगरात, धडगावच्या शाळेत मास्तरकी केली. तिथे पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची, आणि त्याच पाण्याने आंघोळ करून मी शाळेत सगळ्यांच्या आधी हजर असायचो. अशा माणसाला म्हसावदसारख्या सपाटीवरच्या गावात थंडीची भीती घालायची, म्हणजे कमाल झाली.

गेल्या हिवाळ्यात माझा दमा बिघडला, हे मात्र खरं. दवाखान्यात पाच दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडलो होतो. सुट्टी देताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: थंडीपासून जपा आणि धुराजवळ जाऊ नका. घरी पोचेपर्यंत त्या दोनाच्या वीस झाल्या. दही बंद, केळं बंद, दार बंद, खिडकी बंद. मुलाने सुरतेहून विजेचा हीटर पाठवला, तर सकाळी नेमकी लाईट जाते. भेटायला येणारा प्रत्येक जण वैद्य. एकाचा अडुळसा, दुसऱ्याची हळद, तिसऱ्याचं मोबाईलवर आलेलं काहीतरी. मेथीचे लाडू तर इतके खाल्ले की चहासुद्धा कडू लागायला लागला. तक्रार केली की सगळे एकमेकांकडे बघून हसतात, लहान मुलाच्या हट्टाला हसावं तसे. त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. माझं खरं दुखणं गल्लीच्या कोपऱ्यावर होतं.

दिवाळी झाली की तिथे शेकोटी पेटायची, ती थंडी सरेपर्यंत रोज सकाळी. कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचं पाचट, हाताला लागेल ते. आम्ही चौघे म्हातारे तिच्याभोवती बसायचो. त्यातले दोघे गेले. उरलो मी आणि समोरच्या घरातला माझा मित्र. पहिलीत आम्ही शेजारी बसलो होतो. पुढे मी मास्तर झालो, तो शेतात राहिला. आता त्याचे गुडघे आखडलेत. शेकोटीजवळ अर्धा तास शेकले की ते वाकायचे आणि तो शेतावर एक फेरी मारून यायचा. ती फेरी झाली की त्याचा दिवस बरा जायचा. आम्हा दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर आमचं काही जमत नाही. जे बोलायचं ते तिथेच, शेजारी बसून, ओरडून.

यंदा दिवाळी होऊन महिना गेला तरी शेकोटी पेटली नाही. हे सूनबाईचंच काम, याबद्दल मला शंका नव्हती. गल्लीतल्या बायका तिचं ऐकतात. मी तिला विचारलं.

"मी कोन्हले काहीच सांगं नही, बाबा," ती म्हणाली.

मला पटलं नाही. मी जायचं नाही एवढं सांगितलं असतंस तर समजलो असतो, अख्ख्या गल्लीचा विस्तव विझवायचा तुला काय अधिकार, असं बरंच सुनावलं. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि आत निघून गेली. पुढचे चार दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो आणि टोपी उशीखाली लपवून ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी बंद खिडकीच्या काचेतून बघत होतो. मित्र त्याच्या ओट्यावर बसला होता. उठायला गेला आणि खाली बसला. भिंतीला हात लावून पुन्हा उठायला गेला, पुन्हा बसला. मग त्याने प्रयत्नच सोडला आणि नुसता कोपऱ्याकडे बघत राहिला. मला राहवलं नाही. दार उघडून तसाच निघालो. मागून "बाबा, टोपी" असं ऐकू आलं. अशा वेळी मला बरोबर ऐकू येतं. गल्ली ती केवढी, पण पलीकडे पोचेपर्यंत छातीत शिटी वाजायला लागली.

"शेकोटी काबर बंद शे?" मी त्याच्या कानाशी ओरडलो. "कोन्ही सांगं?"

माझा दम खाली बसेपर्यंत तो थांबला.

"मीच सांगं," तो म्हणाला. "तुन्हा नाकले नळी लायेल व्हती. ती देखी नी मी ठराई टाकं, आते आपला कोपरावर धूर नही."

"आनि तुन्हा गुडघा?"

"दुखतस ते दुखू दे."

"माले काबर नही सांगं?"

"तू कोन्हं ऐकस का कधी?"

मला संताप आला. या माणसाला कोणी सांगितलं होतं माझी काळजी करायला? महिनाभर हा थंडीत आखडून बसला, आणि मी खिडकीआड बसून सुनेवर राग काढत होतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. त्यात भर म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. धूर पऱ्हाट्यांना असतो. धगधगत्या निखाऱ्यांना नसतो. आमच्या परसातल्या चुलीवर रोज आंघोळीचं पाणी तापतं आणि तिचे लालभडक निखारे रोज पाणी मारून विझवले जातात. हे एका शिकलेल्या डोक्यात महिनाभर आलं नाही.

परत आलो तेव्हा सूनबाई दारातच होती. मी म्हणालो, "टोपी उशीखाले शे."

"माले म्हाईत शे, बाबा," ती म्हणाली आणि आणायला वळली.

"मी तुले उगाच बोलनू," मी तिच्या पाठीला म्हणालो. तिने मागे पाहिलं नाही, पण टोपी आणल्यावर कानावर नीट ओढून दिली.

आता रोज ऊन वर आलं की ती निखाऱ्यांचं घमेलं समोरच्या ओट्यावर नेऊन ठेवते. मी वाऱ्याच्या बाजूला, थोडा लांब बसतो. आम्ही ओरडून बोलतो. अर्ध्या तासाने तो गुडघ्यांवर हात ठेवतो, उठतो आणि शेताकडे निघतो. तो वळणाआड जाईपर्यंत मी बघत बसतो. टोपी अजूनही टोचते.