उत्तरेश्वर ताडपत्रीवाल्याची स्लीपिंग बॅग

गिऱ्हाईकाला काय हवं आहे ते गिऱ्हाईकाला कळत नाही, यावर उत्तरेश्वरचा ठाम विश्वास होता आणि तीस वर्षांत त्याला खोटं पाडणारं कोणी भेटलं नव्हतं. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, उभ्या ट्रकांच्या समोर त्याचं ताडपत्र्या शिवायचं दुकान. एखादा ट्रकवाला वीस बाय पंधराची ताडपत्री मागायला आला की उत्तरेश्वर आधी ट्रककडे बघायचा, मग माणसाकडे, आणि चोवीस बाय अठराची शिवून ठेवायचा. ट्रकवाला कुरकुरत घेऊन जायचा. पुढे कधीतरी भर पावसात घाटात अडकून माल कोरडा आला की तोच माणूस मुकाट्याने येऊन चहा पाजायचा. असे चहा उत्तरेश्वरने पुष्कळ प्यायले होते. त्या चहांनीच तो बिघडला, असं त्याची बायको शालू म्हणायची.

तो मूळचा बार्शीकडचा. विशीत पुण्याला आला, दोन वर्षं यार्डात हमाली केली, मग एका ताडपत्रीवाल्याकडे मशीनवर बसला आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. राहायला बिबवेवाडीत दोन खोल्या. त्याची शिवण यार्डभर माहीत होती. कड आत दुमडायची, वरून दोनदा टीप मारायची आणि शिवणीवर पट्टी चिकटवायची. पाणी आत जाता कामा नये, एवढं एकच शास्त्र तो शिकला होता आणि ते त्याला जन्मभर पुरलं होतं.

घरातही तोच कारभार. शालूने दुकानात हिरवी साडी दाखवली की हा निळी बांधून घ्यायचा, आणि दुर्दैवाने निळी खरंच जास्त टिकायची. मुलगी अपेक्षा दहावी झाली, तिला कॉमर्सला जायचं होतं. उत्तरेश्वरने सायन्सचा फॉर्म भरून आणला. ती शिकली, कंपनीत लागली, सॉफ्टवेअर तपासायचं काम करू लागली. म्हणजे तिथेही त्याचंच खरं ठरलं. सतत बरोबर ठरणाऱ्या माणसाशी भांडायची सोय नसते.

गेल्या जूनमध्ये मात्र अपेक्षाने न विचारता एक गोष्ट केली. दोन मैत्रिणींबरोबर कोथरूडला फ्लॅट भाड्याने घेतला. ऑफिसची बस तिथूनच सुटते, हे कारण तिने सांगितलं. कारण खरं होतं, पण उत्तरेश्वर दुखावला तो दुखावलाच. सात महिने झाले तरी तो फ्लॅट बघायला गेला नव्हता. ती दर रविवारी बिबवेवाडीला यायची, जेवायची, आईशी गप्पा मारायची आणि संध्याकाळी जायची. पूर्वी तिच्या सॅकचा तुटलेला पट्टा, फाटलेला रेनकोट, छत्रीचं कापड, सगळं त्याच्या मशीनवर यायचं. आता काहीच येत नव्हतं. तिला आपली गरज उरली नाही, हे त्याला आत कुठेतरी फार लागलं होतं, आणि ते तो कोणाला सांगत नव्हता.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी अपेक्षा कापडाची भलीमोठी पिशवी घेऊन आली आणि "पप्पा, एक शिवायचं काम होतं," म्हणाली, तेव्हा त्याने लगेच टीव्ही बंद केला.

"आमचा ग्रुप कॅम्पिंगला चाललाय, वेल्ह्याच्या बाजूला," ती म्हणाली. "टेंट नाही, हॅमॉक आहेत. दोन झाडांना बांधायचा आणि त्यात झोपायचं."

"म्हंजे झोळी."

"झोळीच म्हणा. त्यासाठी मला क्विल्ट पाहिजे. हलकी दुलई. दोन पीसेस. एक वरून पांघरायला, ती फक्त पायाकडे बंद. दुसरी झोळीच्या खालून, बाहेरच्या बाजूने टांगायची."

"त्यापेक्षा सरळ स्लीपिंग बॅग शिवतो की. चारी बाजूंनी बंद, गळ्यापर्यंत चेन. वारं नाही, काही नाही."

"बॅगच नकोय मला. बॅगेत आपल्या अंगाखालचं भरण चेपून जातं आणि चेपलं की ऊब संपते. जमिनीवर निदान खाली मॅट असते, झोळीत खालून नुसता वारा लागतो. म्हणून खालची दुलई बाहेरून आणि सैल. शिवाय हलत्या झोळीत बॅगेत शिरायचं म्हणजे सर्कस. क्विल्ट नुसती अंगावर ओढायची, उकडलं तर बाजूला सारायची. आणि वजन निम्मं."

तिने एक कागद काढला. त्यावर आकृती होती, मापं होती, आणि खाली "बाजूने उघडं" असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या. झिरझिरीत नायलॉन आणि आत भरायचं मऊ भरण तिने स्वतःच आणलं होतं. सगळं तिने दोनदा समजावून सांगितलं. उत्तरेश्वर दोन्ही वेळा "व्हय, व्हय" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने तो कागद मशीनवर ठेवला आणि बराच वेळ बघत बसला. त्याला आकृती दिसेना. त्याला दिसत होतं ते असं, की डोंगरात कुठेतरी आपली पोर दोन झाडांच्या मध्ये लोंबकळते आहे, वारा सुटला आहे, दव पडतं आहे आणि ती बाजूने उघडी आहे. हे त्याला पटणं शक्यच नव्हतं. त्याने तिचं पातळ नायलॉन आतल्या बाजूला घेतलं, बाहेरून आपल्याकडचं लेप दिलेलं, पाणी न शिरणारं कापड लावलं, दोन्ही दुलयांचं भरण एकातच घातलं आणि स्लीपिंग बॅग शिवायला घेतली. दुहेरी टीप, वर पट्टी, पायापासून गळ्यापर्यंत चेन. चार दिवस यार्डाची कामं मागे ठेवून तो तेच शिवत बसला होता. शिवताना तो खूश होता. इतका खूश तो कित्येक महिन्यांत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून अपेक्षा थेट दुकानात आली. सकाळी लवकर निघायचं होतं. तिने घडी उलगडली.

"ही बॅग आहे, पप्पा."

"हाय. एक थेंब आत जायचा नाही. पाण्यात बुडवून बघ."

अपेक्षाने शिवणीवरून हात फिरवला. "शिवण भारी आहे," म्हणाली, आणि घडी घालायला लागली. बॅग तिच्या सॅकमध्ये मावेना, म्हणून तिने ती बाहेरून दोरीने बांधली आणि गेली.

घरी आल्यावर उत्तरेश्वर शालूला म्हणाला, "बघ, पोरीला आवडली. काही बोलली नाही."

"काही बोलत नाही ती," शालू म्हणाली. "ते मी पण बघते."

त्या रविवारी अपेक्षा आली नाही. दमलेय, असा फोन आला. सोमवारी शालू डबा घेऊन कोथरूडला गेली आणि परत आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "ताप आहे तिला. खोकला पण आहे. आणि अहो, ती तुमची बॅग गॅलरीत वाळत घातलीये. अजून ओली आहे."

"बाहेरून?"

"आतून."

आता ताप ही काळजीची गोष्ट होती, पण उत्तरेश्वर अडकला तो 'आतून' या शब्दावर. त्याच्या शिवणीतून पाणी आत गेलं? ट्रकच्या ट्रक पावसात न्हाऊन आले, आतलं धान्य भिजलं नाही, आणि ही एवढीशी बॅग गळली? मंगळवारी दुपारी त्याने दुकान बंद केलं आणि घरी डोकावून कोथरूडची बस पकडली. शिवण बघायला जातो, असं तो शालूला म्हणाला. शालू हो म्हणाली आणि तिने त्याच्या हातात काढ्याचा थर्मास दिला.

दार अपेक्षानेच उघडलं. शाल गुंडाळलेली, चेहरा उतरलेला. मैत्रिणी ऑफिसला गेल्या होत्या. बाप पहिल्यांदा आपल्या घरी आला म्हणून ती गडबडली, खुर्चीवरचे कपडे उचलायला लागली.

"बॅग कुठंय?" उत्तरेश्वरने विचारलं.

गॅलरीत त्याने मगभर पाणी आणलं आणि शिवणीवर ओतलं. थेंबभरही आत गेलं नाही. क्षणभर त्याला फार बरं वाटलं. मग त्याने बॅग उलटी केली. आतलं नायलॉन गार आणि दमट होतं, भरणाचे ओले गोळे झाले होते, आणि चेन अर्ध्यातून चाकूने कापलेली होती.

शिवण गळत नव्हती, तर मग पाणी आलं कुठून, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो तिथेच गॅलरीच्या कट्ट्याला टेकला. पाणी बाहेरून आलंच नव्हतं. ते तिचंच होतं. अंगाचा घाम, अंगाची वाफ. बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे भरणातच जिरलेली.

आणि हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. दिवाळीनंतरच त्याने एका आडत्याला सगळ्या यार्डासमोर झापलं होतं. त्या माणसाने कांद्याच्या ट्रकवर ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधली होती. "कांदा जिवंत असतोय," उत्तरेश्वर त्याच्यावर ओरडला होता. "त्याला श्वास लागतो, घाम येतो. कोंडलास तर सोताच्याच पाण्यात सडंल. बाजूनं उघडं ठेव." शब्दसुद्धा तेच होते, अपेक्षाच्या कागदावरचे. कांद्याच्या बाबतीत कळत होतं ते पोरीच्या बाबतीत कळलं नाही, याची त्याला लाज वाटली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आत येऊन त्याने थर्मासमधला काढा कपात ओतला आणि तिच्यासमोर ठेवला. "चेन कोणी कापली?"

"आमोदने. ग्रुपमधला आहे." अपेक्षाने कप हातात धरला. "पहाटे खालून इतकं गार लागायला लागलं, आणि आत सगळं ओलं. म्हटलं बाहेर पडावं. तर चेन कापडात अडकली. हात आत, झोळी हलतेय, वळता येईना. मी ओरडले. सगळे उठून आले, पण चेन काही सुटेना. मग त्याने चाकू आणला."

"घाबरलीस?"

"खूप."

उत्तरेश्वरने थर्मासचं झाकण लावलं. "मग शुक्रवारीच बोलायचंस. अशी नको म्हणायचं. मी रातीत दुसरी शिवली असती."

"तुम्हाला बोलून कधी काही बदललंय का, पप्पा?" अपेक्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं तिने सांगितलं. "जाऊ दे. तुम्ही त्रास करून घेऊ नका. पुढच्या वेळी मी विकतच घेईन."

त्याने तिला काढा संपवायला लावला, ओली बॅग पिशवीत भरली आणि तो बसस्टॉपवर येऊन उभा राहिला. दोन बस त्याने तशाच जाऊ दिल्या.

बुधवारी सकाळी दुकान उघडल्यावर त्याने पहिलं काम घेतलं ते बॅग उसवायचं. फाडून टाकली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण कापड तिचं होतं, तिने आणलेलं. म्हणून आधी पट्टी सोलली, मग ब्लेड घेऊन एकेक टाका तोडायला बसला. आपली शिवण किती पक्की असते हे त्याने आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या दिवशी बोटांना कळलं. शिवायला चार दिवस लागले ते कौतुकाने बसला म्हणून. उसवायला अख्खा दिवस गेला आणि अंगठ्याला दोन ठिकाणी कापलं. ट्रकवाले येऊन गेले, त्यांना त्याने उद्या या म्हणून सांगितलं. संध्याकाळी नायलॉन धुऊन, वाळवून, त्याची नीट घडी घातली. भरण पिंजून पिंजून मोकळं केलं. मग त्याने मुलीला फोन लावला. घरात फोन लावायचं काम शालूचं असायचं, त्यामुळे अपेक्षाने उचलल्या उचलल्या विचारलं, "आई बरी आहे ना?"

"बरी हाय. ताप?"

"उतरला. आज काम पण केलं घरून."

"बॅग उसवली मी. सगळी." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने दिवसभर मनात घोळवलं होतं, तरी तोंडातून यायला जड गेलं. "आता तुला कशी पाहिजे ते सांग. लिहून घेतो. तसंच शिवतो."



"पप्पा, मी क्विल्ट कालच ऑर्डर केली," अपेक्षा हळूच म्हणाली. "तुम्ही गेल्यावर. शनिवारी येईल."

रद्द कर, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. बाजारातल्या वस्तूला काय शिवण असते, मी याहून चांगली करून देतो, तुला कळत नाही. सगळी वाक्यं तयार होती, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली. त्याने ती गिळली. गिळताना त्रास झाला.

"बाजूनं उघडी हाय ना?" त्याने विचारलं.

"काय?"

"मागवलेली दुलई. बाजूनं उघडी हाय ना? बंद नको घेऊस."

अपेक्षा हसली की तिचा श्वास अडकला, ते त्याला फोनवर कळलं नाही. "उघडी आहे," ती म्हणाली.

"मग बरं झालं."

आता फोन ठेवायचा, एवढंच उरलं होतं, आणि तो तसा ठेवणारच होता.

"पप्पा," ती म्हणाली, "रविवारी घेऊन येते. शिवण कशी आहे, बघाल?"

उत्तरेश्वरने अंगठ्यावरचं रक्त विजारीला पुसलं. "आण," तो म्हणाला. "बघतो. हात तू सांगशील तिथंच लावीन."