माझ्या गोलामागचा मिस्त्री

माझी नात शाळेच्या फुटबॉल टीममध्ये दुसरी गोलकीपर आहे. परवा दुबई मरीनाच्या घरी ती तोंड फुगवून बसली होती. "दादा, आय जस्ट सिट देअर," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, माझा दुसरा गोलकीपर कोण होता ठाऊक आहे? स्कॉटलंडचा प्रोफेशनल!" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारा आता काहीही ठोकून देतो. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. यात एक अक्षर खोटं नाही, आणि मला त्याचा गर्व आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीकडचे आम्ही बरेच जण दुबईच्या खाडीवर धक्का बांधणाऱ्या एका कंपनीत होतो. मी स्टोअरमध्ये होतो, आणि कंपनीच्या टीमचा गोलकीपर. खाडीमागच्या मैदानात वाळूवर खारं पाणी मारून ती दाबलेली असायची. गोलाचे खांब बांधकामाच्या पाइपांचे, आणि मागे लावलेलं जाळं आमच्याच गावाहून लाँचने आलेलं मासे पकडायचं. त्याला शेवटपर्यंत बांगड्याचा वास येई. पण त्या जाळ्यापुढे उभा राहिलो की मला वाटायचं, आपल्यासारखे आपणच.

मग क्रेन दुरुस्त करायला स्कॉटलंडचा एक फिटर आला. चाळिशीतला, लालबुंद, हातांची बोटं वाकडीतिकडी. तो स्वतःला साहेब म्हणू देईना, म्हणून आम्ही त्याला मिस्त्री म्हणू लागलो. त्याचं इंग्रजी ऑफिसातल्या इंग्रजांनाही दोनदा विचारून घ्यावं लागे. दोन दिवसांत बातमी फुटली की हा तिकडे मोठ्या क्लबांत गोलकीपर होता, पगारी. माझा मामेभाऊ टीममध्ये बॅकला खेळायचा. तो जेवताना म्हणाला, "खलास! आता तू पाणी भर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी मैदानात जाऊन मी मिस्त्रीलाच विचारलं, "तू गोलात उभा राहणार का?"

"छे," तो म्हणाला. "मी दुसरा. आयुष्यभर दुसराच होतो."

हळूहळू त्याने सगळं सांगितलं. पहिल्या क्लबात त्याच्यापुढे जो कीपर होता तो कधी आजारी पडत नसे. हा बिचारा राखीव टीममधून रिकाम्या मैदानांवर खेळायचा. पहिल्याचं बोट मोडलं की याला बोलावणं, बोट जुळलं की परत जागेवर. मग दुसरा क्लब, तिथेही तेच. एकदा पहिल्याचा खांदा निखळला, तेव्हा हा भरलेल्या मैदानात खेळला, जिंकलासुद्धा. पुढच्या आठवड्यात खांदा बरा झाला. हे सगळं तो हसत सांगायचा, जणू दुसऱ्याच कुणाची फजिती.

मला वाटलं, नाटक करतोय. पण तो खरंच माझा दुसरा झाला. मॅचआधी मला सोपे सोपे चेंडू टाकायचा, हातात नीट बसतील असे. मी म्हणायचो, "जोरात मार ना!" तर म्हणायचा, "मॅचआधी कीपरने गोल खायचा नसतो." खेळ सुरू झाला की जाळ्यामागे उभा राहून हलक्या आवाजात सांगायचा: डावीकडे सरक, तो उजव्या पायाचा आहे, ऊन डोळ्यांवर येतंय. त्याच्यामुळे माझा खेळ सुधारला, हे मी मामेभावाकडे मात्र कबूल केलं नाही.

त्या हिवाळ्यात मॅनेजरसाहेबांनी शारजाच्या छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांशी मॅच ठरवली. तारीख ठरवताना त्यांनी कॅलेंडर पाहिलं, चंद्र पाहिला नाही. मॅच आली ऐन रमजानमध्ये, चार वाजता. म्हणजे रोजा सुटायची वेळ खेळ संपायच्या आतच. साहेब म्हणाले, "रोजेवाला कीपर नको. प्रोफेशनल उभा राहील."

मी भडकलो. "साब, रोजा भी मेरा है, गोल भी मेरा है. दोनों नहीं छोडूंगा." नोकरी जाते की काय असं झालं. शेजारी मिस्त्री क्रेनची साखळी पुसत होता. त्याने मानही वर न करता सांगितलं, "तो खेळणार. मी दुसरा." साहेब पाय आपटत निघून गेले.

मॅचच्या दिवशी मिस्त्री जाळ्यामागे आला तो हातात खजुराचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. खेळापूर्वी रेफरीच्या कानाशीही काहीतरी बोलला. मी विचारलं तर म्हणाला, "तुझं काम तू कर."

पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला. सोल्जर चिडून तुटून पडले. माझ्या घशाला कोरड, ओठांवर वाळू, पण चेंडू हातातून सुटत नव्हता. ऊन उतरलं. शेवटची काही मिनिटं राहिली आणि रोजा सुटल्याची तोफ झाली.

रमजानात खाडीपाशी तोफ झाली की सबंध दुबईचा हात खजुराकडे जातो. आमच्या टीमचाही गेला! पायात चेंडू असलेल्या मामेभावाने तो जीव खाऊन मैदानाबाहेर मारला आणि "यल्ला!" ओरडत कडेला ठेवलेल्या खजुराकडे धावला. त्याच्यामागे कोकणी, बलुची, अरब, सगळे रोजेवाले. रेफरीची शिट्टी काही वाजली नव्हती. मैदानात उरले रोजा नसलेले आमचे तिघे, आणि अकरा सोल्जर.

मी जागचा हललो नाही. हा गोल सोडायचा नाही म्हणून साहेबांशी भांडलो होतो ना! तेवढ्यात मिस्त्रीने हात वर केला, रेफरीने मान हलवली. तेव्हा कुठे कळलं की कीपर बदलायचं त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. माझ्या हातात डबा देत तो म्हणाला, "जा, खा. मी सांभाळतो."

मी जाळ्यामागे गेलो, बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला. माझा गोल मी प्रथमच मागून पाहत होतो. सोल्जरांनी चेंडू फेकला तो सरळ त्यांच्या उंच फॉरवर्डकडे. मिस्त्री घाईने पुढे आला नाही, दोन पावलं सरकून उभा राहिला. फटका असा बसला की मी डोळे मिटले. उघडले तर चेंडू त्याच्या छातीशी. त्याने तो पुढे मारला तर लगेच पुन्हा हल्ला, या वेळी खालून, कोपऱ्यात. तो वाकडी बोटं ताणून आडवा झाला आणि चेंडू खांबाबाहेर गेला. गालात खजूर कोंबलेली आमची माणसं ओरडत परत धावली. पलीकडून साहेब किंचाळत होते, "त्यालाच ठेवा! त्यालाच ठेवा!"

मलाही तेच वाटलं. मी म्हटलं, "मिस्त्री, थांब तू. खेळ."

"पाणी प्यायलास?"

"हो."

"मग ये. गोल तुझा आहे." रेफरीला हात करून तो जाळ्यामागे आला, आणि तो कॉर्नर मी उडी मारून मुठीने लांब हाणला. आम्ही जिंकलो.

मगरिबची नमाज आम्ही तिथेच वाळूवर पढलो. नमाज होऊन वळलो तर मिस्त्री खांबाला टेकून बसला होता, अंग वाळूने माखलेलं. मी डब्यातला खजूर त्याच्यापुढे धरला आणि रागानेच विचारलं, "सगळे तुझं नाव घेत होते. बाहेर का आलास?"

त्याने खजूर खाऊन बी वाळूत टाकली. मग म्हणाला, "आजपर्यंत कुणाचं हाड मोडल्याशिवाय मला गोल मिळाला नव्हता. आज पहिल्यांदा कुणाला काही न होता मिळाला."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि मी ते पुसले नाहीत.